भंडारदऱ्याच्या पावसात डब्ल्यूपीसी दारं बसवताना : माझा अनुभव

भंडारदरा धरणाच्या काठावर, शेंडीसारख्या गावात पावसाळ्यात सागाचं दारही फुगून चौकटीत अडकतं आणि फ्लश डोअरचे, म्हणजे प्लाय चिकटवून केलेल्या सपाट दाराचे थर तळाकडून सुटतात. त्यामुळे हल्ली इथे डब्ल्यूपीसी, म्हणजे पीव्हीसी आणि लाकडाचा भुसा मिळून बनवलेली दारं लागतात. पाण्याने ती फुगत नाहीत, वाळवीही लागत नाही. बिघडतात ती ऊन, स्क्रू आणि चौकट या तिघांमुळे.

घेताना पल्ला वजन करून घ्यावा. 7 बाय 3 फुटांचा, 30 मिमी जाडीचा भरीव पल्ला साधारण 35 किलो भरतो. फारच हलका असेल तर आतला फोम, म्हणजे डब्ल्यूपीसीचा फेसाळ गाभा, विरळ असतो आणि बिजागरीचे स्क्रू वर्षभरात ढिले होतात.

आपल्याकडचे गवंडी बांधकामातच होल्डफास्ट, म्हणजे भिंतीत रोवायच्या लोखंडी पट्ट्या लावून चौकट उभी करतात. डब्ल्यूपीसीला ते चालत नाही, ओल्या भिंतीच्या भाराने उभे खांब वाकतात. गिलावा पूर्ण होऊ द्यावा, दोन्ही बाजूंना 8 ते 10 मिमी फट ठेवावी, आणि मग 10 मिमी जाडीचे, 125 मिमी लांब फास्टनर, म्हणजे चौकटीतून भिंतीत जाणारे स्क्रू, प्रत्येक बाजूला चार मारावेत. आधी ओळंबा, मग दोन्ही कर्ण मोजायचे. फरक 3 मिमीच्या आत हवा. फटीत पीयू फोम, म्हणजे फवारल्यावर फुगून घट्ट होणारा फेस, भरण्याआधी चौकटीच्या आत आडव्या पट्ट्या ठोकायच्याच. फोम फुगताना चौकट आत ढकलतो, आणि मग सुतार पल्ला रंधत बसतो. वाळलेला फोम कापून बाहेरून सिलिकॉन लावावं, कारण उघडा फोम उन्हाने भुगा होतो.

बिजागऱ्या चार, 304 स्टेनलेस स्टीलच्याच. स्क्रू आठ गेजचे, 35 ते 40 मिमी. आधी 3 मिमीचं भोक पाडावं. हातोडीने स्क्रू ठोकला की आतला फोम चिरडतो आणि पकड जाते.

पश्चिमेचं ऊन खाणाऱ्या दाराला गडद लॅमिनेट मी लावू देत नाही: एक बाजू तापून पल्ला धनुष्यासारखा वळतो. फिकट रंग, वर दोन फुटी छज्जा आणि पल्ल्याभोवती 3 मिमी मोकळीक. उंबरा कडप्प्याचा, बाहेर उतार दिलेला. तळाला रबरी पट्टी. वाऱ्याबरोबर येणारी झड तिथूनच घरात शिरते.