गोळीचा पहिला दिवस

आज मेथिलफेनिडेटची पहिली गोळी घेतली. १० मिलिग्रॅम. वय ३९, पीएचडी होऊन नऊ वर्षं, आणि एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या विकाराचं, निदान गेल्या महिन्यातलं!

जादू वगैरे काही झाली नाही. दोन महिने टाळलेली रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांची फाईल उघडली आणि चक्क शेवटपर्यंत वाचली. मधे पंखा का कुरकुरतोय ते बघायला उठले नाही. या गोळीने मेंदूत डोपामिन हे रसायन जरा जास्त वेळ रेंगाळतं म्हणे. मला एवढंच जाणवलं की डोक्यात कायम भरलेला बाजार पांगला.

भूक मात्र मेली, तोंडाला कोरड. चारेक तासांनी अंमल उतरला आणि मी चार्जर शोधता शोधता अख्खं कपाट उपसून बसले.

मग राग आला. ‘हुशार आहेस, पण आळशी’ हे गाईडचं वाक्य मी इतकी वर्षं खरं मानलं होतं.

शेऱ्यांना उत्तरं उद्या.