मूठ सोडली तरी रेस उतरेना

रविवार, रात्रीचे साडेदहा

तीनदा साबण लावला तरी हातांचा पेट्रोलचा वास जात नाही. झोपही येत नाहीये, म्हणून लिहीत बसलोय.

सकाळी माळावर गाडी घेऊन गेलो होतो. यामाहाची आरएक्स १००, १९९५ चं मॉडेल, बाबांनी घेतलेली. गेली चार वर्षं ती मी मातीसाठीच ठेवली आहे: गट्ट्यांचे टायर, वर उचललेलं पुढचं मडगार्ड आणि दिवाळीत बसवलेलं उंच हँडल. उताराला डावीकडं वळताना मूठ सोडली, पण रेस उतरलीच नाही. क्लच दाबला तर इंजिन किंचाळायला लागलं. चावी बंद करून ब्रेकवर गाडी थांबवली, तेव्हा पुढचं चाक चरीच्या काठापासून हातभर लांब होतं. पाय लटपटत होते. स्वतःसाठी नाही. काल संध्याकाळी याच गाडीवर धाकटा भाऊ होता.

घरी आणून पहिला हात ऑइलच्या डबीकडंच गेला. पण थांबलो. नुसतं ऑइल सोडलं असतं तर रेसची वायर चार दिवस मऊ चालली असती आणि खरा दोष आत तसाच राहिला असता. रेस तीन ठिकाणी अडकू शकते, मुठीत, वायरमध्ये किंवा कार्बोरेटरच्या स्लाइडमध्ये, म्हणजे मूठ फिरवली की आत वर-खाली होणाऱ्या दट्ट्यात. तिन्ही सुटं करून एकेक बघायचं ठरवलं.

मूठ आधी. गाडी पडली की रबर आत सरकतं आणि स्विचच्या घराला घासतं, शिवाय नळीखाली माती जाते. माती होतीच. पुसून काढली, नळी मोकळी फिरली. तिथं ग्रीस मी थापत नाही, मातीत चालणाऱ्या गाडीला ते धूळ धरून ठेवतं. मग कार्बोरेटरचं झाकण फिरवून स्लाइड बाहेर काढली. पेट्रोलनं धुतली, बोटानं चाचपली, कुठं ओरखडा नाही. परत घालताना तिची खाच आतल्या पिनेवर बसली पाहिजे आणि कापलेली बाजू एअर फिल्टरकडं हवी. उलटी बसली तर तीच अडकते.

राहिली वायर. टाकी उतरवली आणि सगळं समोर आलं. या गाडीची वायर अखंड नसते. मुठीपासून आलेला तुकडा टाकीखालच्या जोडात येतो आणि तिथून दोन फाटे फुटतात, एक कार्बोरेटरला, दुसरा इंजिनला ऑइल पुरवणाऱ्या पंपाला. वरच्या तुकड्याचं आउटर, म्हणजे बाहेरची नळी, हँडलच्या मानेपाशी कोपरासारखं मोडलं होतं. हँडल उंच बसवलं मी, वायर मात्र जुन्याच लांबीची ठेवली. डावीकडं वळलं की ती ताणायची. इनर, म्हणजे आतली पिळाची तार, बाहेर ओढली तर निपलपासून, म्हणजे टोकाच्या धातूच्या गोळीपासून, बोटभर अंतरावर दोन तारा तुटून मागं वळलेल्या, माशाच्या काट्यासारख्या. बोटाला एक टोचलीच. हेच काटे आउटरच्या तोंडाशी अडकत होते. अशा वायरला ऑइल हा इलाज नाही, ती बदलायचीच.

उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींना फोन केला. रविवार असून त्यांनी शटर अर्धं उघडलं. वरचा तुकडा अडीच इंच वाढवून दिला. इनरचं टोक निपलमधून काढून त्यांनी तारा फुलासारख्या फाकवल्या आणि मग कथलाचा डाग भरला. ते म्हणाले, "तारा फाकवल्या न्हाईत तर निपल निसटतंय बघा."

दुपारी प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून आउटरच्या तोंडाला घट्ट बांधला, त्यात पातळ ऑइल ओतलं आणि वायर खिळ्याला टांगली. खालच्या टोकातून थेंब पडायला तासभर लागला. बसवताना मानेजवळ मोठा बाक दिला, टाकीखाली कुठं दबत नाही ना ते बघितलं. मुठीत दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवली. त्यानंतर पंपाची वायर. हे काम पुष्कळजण सोडून देतात आणि मला त्याचा राग येतो. मुठीची ढील काढून धरल्यावर पंपाची खूण पिनेशी जुळली पाहिजे. तिथं चूक झाली तर इंजिनला ऑइल कमी मिळतं आणि पिस्टन जाम होतो.

संध्याकाळी धाकटा आला. विचारलं, काल रेस अडकत होती का रे?

"डावीकडं जरा जड वाटायची दादा. मला वाटलं, पावसानं झालं असेल."

त्याला सीटवर बसवलं. इंजिन बंद ठेवून हँडल डावीकडं पूर्ण वळवायला लावलं, मूठ उघड, सोड. आत स्लाइड टक्कन खाली बसली. मग उजवीकडं. मग गाडी चालू करून दोन्ही बाजूंना वळवलं, रेस जराही वाढली नाही. टक् आवाज ऐकू येतो का, असं मी दर वेळी विचारत होतो आणि तो न कंटाळता हो म्हणत होता.

जुनी इनर टेबलावरच आहे. उद्या ती त्याच्या हातात देणार आहे, काट्यांवरून त्याचं बोट फिरवायला लावणार आहे.