झोंबणारं मलम

नागपुरात पाऊस येतो, पण उकाडा जात नाही. स्कूटरवर भिजायचं, ऑफिसात पंख्याखाली तसंच सुकायचं. पंधरा दिवसांत पट्ट्याखाली कमरेवर लालसर गोल उगवतो. कडा उठलेली, मधली कातडी जवळपास साफ. घरी आम्ही त्याला नायटा म्हणतो, पुस्तकात गजकर्ण. हत्तीचा कान कुणाला दिसला कोण जाणे, माझा तर बांगडीएवढाच असतो.

मेडिकलमध्ये गर्दी ओसरेपर्यंत मी टूथपेस्टच्या किमती वाचत उभा होतो. शेवटी हळूच म्हणालो, "भाऊ, ते खाजेचं मलम द्या नं." त्यानं आतल्या पोराला ओरडून विचारलं, "नायट्याची ट्यूब कुठं ठेवली बे?" मागे आमच्याच गल्लीतल्या काकू.

ट्यूबनं मात्र काय गार वाटलं! तिसऱ्या दिवशी लाली गेली, खाज गेली. बंद केली आणि आठवड्यात एकाचे तीन गोल झाले. डॉक्टरीणबाईंनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. त्यात स्टेरॉइड होतं. ते खाज दाबतं, अन् बुरशी निवांत पसरत राहते.

बाबांच्या काळी असलं काही नव्हतं. कपाटात पत्र्याची चपटी डबी, झाकण नाण्याच्या कडेनं उघडायचं. या घराण्यातलं जुनं नाव म्हणजे व्हिटफील्डचं मलम: बेंझोइक अ‍ॅसिड ६ टक्के, सॅलिसिलिक अ‍ॅसिड ३ टक्के. पहिलं बुरशीला वाढू देत नाही, दुसरं वरची कातडी सोलून काढतं. खाजवून सोललेल्या जागी लागलं की बाबा बनियन वर धरून, पेपरनं वारा घालत, "स्स्स... हा..." करत घरभर फिरायचे. "जळून राहिलं, म्हणजे काम करून राहिलं!"

आजीचा तर डबीवरही विश्वास नव्हता. ती तरोट्याच्या बिया लिंबाच्या रसात सहाणेवर उगाळायची. याच तरोट्याच्या कोवळ्या पाल्याची आपण पावसाळ्यात भाजी खातो. संस्कृतात त्याला चक्रमर्द म्हणतात, चक्राला चिरडणारा. नाव ठेवणाऱ्याला हा गोल चांगलाच छळून गेला असावा. लिंबामुळे तेही झोंबायचंच.

आता डॉक्टरीणबाईंनी दिलेलं मलम दिवसातून दोनदा लावतो. बुरशी कडेलाच जिवंत असते, म्हणून गोलाच्या बाहेरही बोटभर. डाग गेल्यावरही दोन आठवडे सोडायचं नाही, अशी ताकीद आहे. पण ते जळत नाही, झोंबत नाही, वासही नाही. चौथ्या दिवसापासून मी विसरायला लागलो. बाबांना विसरायची सोयच नव्हती.

काल रात्री लावत होतो तर ते खाटेवरून पाहत होते.

"झोंबते का?"

"नाही."

"मंग काय कामाचं?" म्हणाले, आणि कूस वळवून झोपले.