उद्या पाणी येणार नाही आलं तर सांगतो

हे वाक्य आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी टाकलं होतं, असंच्या असं, मध्ये टिंब नाही की काही नाही. आता बघा, अर्ध्या बिल्डिंगनं वाचलं की उद्या पाणी येणार नाही, आलं तर सांगतो, आणि त्यांनी रात्री उठून पिंप, बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवला. उरलेल्यांनी वाचलं की उद्या पाणी येणार, नाही आलं तर सांगतो, आणि ते निवांत झोपले. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "अहो वहिनी, सरळ तर लिहिलंय की." त्यांच्या बाजूनं ते सरळच होतं, कारण लिहिताना त्यांनी ते मनातल्या मनात म्हटलं होतं आणि म्हणताना जिथं थांबायचं तिथं थांबलेही होते, फक्त ते थांबणं मेसेजमधून आमच्यापर्यंत आलं नाही. (सकाळी पाणी आलं, पण करंगळीएवढी धार, म्हणजे दोन्ही पार्ट्या खूश.)

माझा धंदाच असल्या वाक्यांचा आहे. सांगलीत गावभागात माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, वास्तुशांत, श्रद्धांजली, पतसंस्थेचा अहवाल, वाढदिवसाचा फ्लेक्स, जे येईल ते. पूर्वी लोक मॅटर कागदावर लिहून आणायचे, आता मोबाईलवर बोलून टाइप करतात आणि व्हॉट्सअॅप करतात, त्यामुळे विरामचिन्हं हा प्रकार जवळजवळ संपलाच आहे. जे स्वतः टाइप करतात त्यांची आणखी वेगळी तऱ्हा. स्वल्पविरामाच्या आधी स्पेस, नंतर चिकटून पुढचा शब्द. कुणी हिंदी मेसेजमधून उचललेलं असलं की वाक्याच्या शेवटी उभा दंड. आणि सगळ्यात जास्त म्हणजे ती दोन टिंबं.. हे असं.. सगळीकडे.. तो पूर्णविराम नाही, कारण तो एकाच टिंबाचा, लोपचिन्ह नाही, कारण त्याला तीन लागतात, ही मधलीच एक जात आपण ऑनलाइन लिहिता लिहिता तयार केलीय. मला खरं तर ती आवडते. माणूस बोलताना "हं... तर..." करत थोडा रेंगाळतो ना, ते त्यात बरोबर पकडलं जातं. पण श्रद्धांजलीच्या कार्डावर ती चालत नाही.

तर गेले काही महिने हे काम धंद्याबाहेरही करायला लागलेय, कारण माझा भाचा एमपीएससीच्या राज्यसेवेची तयारी करतोय आणि तिची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. आधी गोल काळे करायचे होते, आता पानंच्या पानं लिहायची. विश्रामबागच्या अभ्यासिकेतून सुटला की तो दुकानात येतो, उत्तर टेबलावर टाकतो आणि म्हणतो, "आत्या, जरा बघ की." पहिल्यांदा मी स्वल्पविरामावर बोट ठेवलं तर वैतागला, "आत्या, स्वल्पविरामाला मार्क असतात व्हय?" म्हटलं स्वल्पविरामाला नसतील रे, पण तपासणाऱ्याला तुझं वाक्य परत मागं जाऊन वाचायला लागलं तर तो काय खूश होणार आहे का.

आमचा सराव अगदी साधा आहे. त्याचंच उत्तर मी कॉम्प्युटरवर घेते, फाइंड-रिप्लेसनं त्यातले सगळे विराम उडवते, पत्रिकेच्या उरलेल्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर प्रिंट मारते आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात देते. लाल पेन घे आणि भर परत. स्वतःचंच वाक्य असतं, पण एक रात्र गेली की ते परकं होतं. मग तो अडखळतो, पुटपुटतो, मोठ्यानं वाचतो, आणि मोठ्यानं वाचलं की निम्मं काम होतं. निम्मंच हं. कारण दम घ्यायला थांबणं वेगळं आणि अर्थासाठी थांबणं वेगळं. "कृष्णेच्या काठावर राहणारे, लोक स्थलांतरित झाले" असं त्यानं एकदा भरलं होतं, कारण तिथं त्याचा श्वास संपला. अरे, लोक काठावरचेच ना, मग त्यांना काठापासून तोडतोस कशाला.

पण खरी गंमत पुढंच आहे. विराम भरताना जिथं तो फार अडतो, तिथं बघायला गेलं तर बहुतेक वेळा विरामाचा दोषच नसतो, वाक्यच वाकडं बांधलेलं असतं. महापुरावरच्या उत्तरात त्यानं लिहिलं होतं: "महापुराची कारणे म्हणजे धरणातून सोडलेला विसर्ग, नदीपात्रात अतिक्रमण झाले, आणि पाऊस जास्त पडणे." इथं स्वल्पविराम कुठंही हलवा, वाक्य लंगडतंच. का, तर तीन कारणांचे तीन शेवट बघा, एकात 'विसर्ग', दुसऱ्यात 'झाले', तिसऱ्यात 'पडणे'. एक नाम, एक अख्खं वाक्य, एक क्रियेचं नाव. म्हटलं हे तिन्ही एकाखाली एक लिही आणि फक्त शेपट्या बघ. बघितल्यावर त्याचं त्यालाच हसू आलं. मग झालं: "धरणातून सोडलेले पाणी, नदीपात्रातील अतिक्रमण आणि चार दिवसांत पडलेला पाऊस." आता तिन्ही वस्तू झाल्या, एका जातीच्या. 'आणि'च्या आधीचा स्वल्पविराम आपोआप गळाला, मराठीत तिथं तसाही तो लागत नाही, इंग्रजी पुस्तकं वाचून वाचून पोरांच्या हाताला ती सवय लागलीय.

'केवळ' आणि 'नव्हे तर' हे तर सगळ्या परीक्षावाल्यांचं लाडकं. "पुरामुळे केवळ शेतकऱ्यांचे नुकसान झाले नाही तर व्यापारीही बुडाले." वाचताना कळतं सगळं, पण जोडी जुळत नाही, पहिल्यात नुकसान आहे आणि दुसऱ्यात एकदम माणसंच बुडाली. "केवळ शेतकऱ्यांचेच नव्हे, तर व्यापाऱ्यांचेही नुकसान झाले." एवढंच. शेतकऱ्यांचे, व्यापाऱ्यांचे, आणि नुकसान दोघांच्या मिळून एकदाच शेवटी.

आणि ते 'ऊन'. करून, जाऊन, उतरून, बघून. हे आपल्या भाषेतलं सगळ्यात कामाचं हत्यार आहे असं माझं मत आहे, एका दमात माणसाला चार कामं करायला लावतं, आणि स्वल्पविराम एकही लागत नाही: उठून आवरून डबा घेऊन निघाला. पण ती सगळी कामं करणारा एकच पाहिजे. "स्टँडवर उतरून पाऊस सुरू झाला" असं लिहिलं की पाऊसच एसटीतून उतरल्यासारखा वाटतो. बोलताना कुणी हसत नाही, कागदावर मात्र लगेच दिसतं. (असं वाक्य एका अहवालात आलं होतं, "दीपप्रज्वलन करून सभेस अल्पोपाहार देण्यात आला." वाचताना समई कुणी लावली ते शोधतच बसलं पाहिजे. बदलू का विचारलं तर नको म्हणाले, दरवर्षी असंच असतं.)

भाच्याला मधेच प्रश्न पडला की आधीचे लोक काय करत होते, त्यांना कोण शिकवायचं हे. चांगला प्रश्न होता. आपल्या ओव्या-अभंगांत दंड होता, चरण संपला की एक, ओवी संपली की दोन, पण गद्यातले हे स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह वगैरे मंडळी इंग्रजीतून आली आणि ती मराठीत नीट बसवून दिली मेजर थॉमस कँडीनं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातला हाच तो कँडी. 'विरामचिन्हांची परिभाषा' हे त्याचं पुस्तक १८५० चं. म्हणजे पावणेदोनशे वर्षं झाली. त्याच्या आधी शतकानुशतकं मोडी लिपीत कारभार चालला, सातारच्या गादीचा, पुण्याचा, आमच्या सांगलीच्या पटवर्धनांचा, आणि मोडीत विराम सोडा, दोन शब्दांत जागासुद्धा नाही. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली शब्द न तोडता लिहीत सुटायचं.

मग कळायचं कसं? आमच्या घरात जमिनीचा एक जुना मोडी कागद आहे, तो वाचून घेतला तेव्हा मला ते उमगलं. त्यांचे विराम शब्दातच होते. 'ऐसियास' आलं की समजायचं मागची हकीकत संपली, आता मुद्दा. 'तरी' आलं की आता काय करायचं ते सांगणार. 'म्हणोन' आलं की दुसऱ्याचं बोलणं इथं मिटलं, म्हणजे आपलं अवतरणचिन्हच ते. आणि पत्र संपलं हे सांगायला 'बहुत काय लिहिणे', 'हे विनंती'. ठरलेला शब्द ठरलेल्या जागी आला की टिंबाची गरजच काय. आपणही बोलताना हेच करतो की, 'तर', 'म्हणजे', 'बरं का', 'काय झालं'. बोलून टाइप केलेलं मॅटर माझ्याकडे येतं तेव्हा मी आधी हे शब्द शोधते, कारण टिंब बहुतेक वेळा त्यांच्याच आसपास लपलेलं असतं.

लेखनाच्या शिस्तीबद्दल बोलायचं तर आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात सज्जनगडावर समाधी असलेल्या समर्थांनी दासबोधात त्यावर अख्खा समास घातलाय, एकोणिसाव्या दशकातला पहिलाच. त्यात त्यांचं म्हणणं असं की पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकानं लिहिल्यासारखं दिसलं पाहिजे. ते अक्षराच्या वळणाबद्दल होतं. मी ते बिनधास्त वाक्याला लावते, भाच्याला सांगताना तर समर्थांच्याच नावावर खपवते.

जुळवून बोलणं मात्र कुठल्या मेजरनं शिकवलेलं नाही, ते आपल्या घरचंच आहे. 'कामापुरता मामा, ताकापुरती आजी' यातला स्वल्पविराम काढून टाका, काही बिघडत नाही, कारण पुरता-पुरती हेच थांबा दाखवतात. 'आधी पोटोबा मग विठोबा'. लग्नपत्रिका घ्या. जुन्या पद्धतीची पत्रिका म्हणजे एक अख्खं वाक्य असतं, आमचे येथे श्रीकृपेकरून पासून सुरू होतं ते करण्याचे योजिले आहे पर्यंत, मध्ये मुलाचं नाव, वडिलांचं नाव, गाव, मुलीचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, गाव, वार, मिती, मुहूर्त, कार्यालय, आणि तरी कुणाची कुणाशी गल्लत होत नाही. यांचा, यांच्या, यांच्याशी हे प्रत्यय एकेकाला हात धरून जागेवर नेऊन बसवतात. नव्या पत्रिका लहान लहान वाक्यांच्या असतात, सुटसुटीत, त्यात उद्गारचिन्हं जास्त. मला विचाराल तर मला ते जुनं एकच वाक्य कंपोज करायला जास्त मजा येते, पण गिऱ्हाईक म्हणेल ते.

मात्र जुळवण्याचाही अतिरेक होतो आणि तो बघायचा तर कुठल्याही चौकात मान वर करायची. कार्यसम्राट, विकासपुरुष, युवकांचे आशास्थान, गोरगरिबांचे कैवारी. शेपट्या एकदम बरोबर, स्वल्पविराम जागच्या जागी, आणि सगळं मिळून काही म्हणायचंच नाही. खाली हार्दिक शुभेच्छांना पाच उद्गारचिन्हं. त्यातली चार काढली तर फ्लेक्सवाला कार्यकर्ता विचारतो, "ताई, शुभेच्छा कमी का केल्या?" ती मी पाचच ठेवते, त्याचे पैसे त्यानं दिलेत.

आणि हेच भाच्यानं माझ्यावर उलटवलं. २००५, २०१९, २०२१ अशा तीन पुरांवरचं उत्तर होतं, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची ४० फुटांची इशारा पातळी, ४५ फुटांची धोका पातळी, सगळं नीट आलं होतं. शेवटचं वाक्य त्यानं लिहिलं होतं: "पाणी ओसरले, पंचनामे झाले, मदतही आली, गाळ मात्र अजून निघायचा आहे." मी माझ्या सवयीनं लाल पेननं केलं: "पाणी ओसरले, पंचनामे झाले, मदत आली, गाळ राहिला." चारही एका मापाचे, बघायला छान. तो म्हणाला, "आत्या, तुझं ऐकायला बरं वाटतंय, पण मग गाळपण बाकीच्यांसारखाच होऊन गेला की. तो वेगळा दिसायला पाहिजे, म्हणून तर मी मोडलंय." परत वाचलं. तीन पावलं सारखी पडली म्हणूनच चौथं अडखळल्याचं कळत होतं, आणि ते त्यानं समजून केलं होतं. तरी मी 'गाळ'च्या आधी अर्धविराम तरी दे म्हणून बघितलं, तर म्हणाला अर्धविराम बघून पेपर तपासणारा दचकेल. परीक्षा त्याची आहे, त्यामुळे तिथं स्वल्पविरामच राहिला.