रस्त्याकडेची हवा आणि लेझर सेन्सरची मर्यादा

हवेतील सूक्ष्म कण मोजणारी छोटी यंत्रे आता बऱ्याच घरांत दिसू लागली आहेत, आणि पडद्यावरचा आकडा पाहून धास्तावणारी माणसेही. आमचे घर पुण्यात कर्वे रस्त्याला लागून असल्यामुळे मीही प्लॅनटॉवर कंपनीचा पीएमएस ५००३ हा सेन्सर घेऊन असे एक यंत्र जोडले. त्याच्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, घरातील हवेसाठी ते फार उपयोगी आहे. मात्र ज्या रस्त्याच्या धास्तीने आपण ते घेतो, त्या रस्त्याबद्दल ते फारच थोडे सांगते.

हा सेन्सर कणांचे वजन करत नाही. आतला चिमुकला पंखा हवा ओढून घेतो, त्या हवेवर लेझरचा झोत पडतो आणि कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून त्यांची संख्या व आकार यांचा अंदाज बांधून घनमीटरमागे इतके मायक्रोग्रॅम असा आकडा काढला जातो. साधारण ०.३ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण या झोताला जवळजवळ दिसतच नाहीत. आणि वाहनांच्या नळीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कणांपैकी संख्येने बहुतांश कण ०.१ मायक्रॉनहूनही लहान असतात. त्यांचे एकत्रित वजन नगण्य असले तरी संख्या प्रचंड असते, आणि ती रस्त्यापासून काहीशे मीटरच्या आतच झपाट्याने घटते; म्हणजे पहिल्या रांगेतल्या इमारतींच्या वाट्याला जे खास येते, तेच यंत्राच्या नजरेतून सुटते.

दुसऱ्या टोकाला, चाकांनी आणि खोदकामाने उडणारी धूळ बव्हंशी २.५ मायक्रॉनपेक्षा मोठी असते. पडद्यावर पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे कण) याच्या जोडीला पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) असा रकाना असतो खरा, पण या सेन्सरमध्ये तो बराचसा लहान कणांवरूनच अंदाजाने भरलेला असतो. डोळ्यांत धूळ जाईल इतका फुफाटा समोर उडत असतानाही पीएम १० चा आकडा पीएम २.५ च्या जेमतेम पुढे असतो, तो त्यामुळेच.

मग यंत्र मोजते काय? मुख्यतः शहरभर पसरलेला, मुरलेला धूर आणि हवेतच वायूंपासून तयार झालेले कण. हे सगळीकडे जवळपास सारखेच असल्यामुळे पुढची गॅलरी आणि मागची खोली यांच्या आकड्यांत फारसा फरक पडत नाही, आणि त्यावरून ‘रस्त्याचा काही त्रास नाही’ असा निष्कर्ष काढला जातो, जो मुळातच चुकीचा आहे.

दमटपणाची गोष्ट निराळी. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ ते ८० टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी शोषून फुगतात, प्रकाश अधिक विखुरतात आणि आकडा खऱ्यापेक्षा चढा येतो. शासकीय केंद्रांवर बीटा किरणांचे जे यंत्र वापरतात, त्यात हवा आधी तापवून घेतात, कण फितीवर गोळा करतात आणि त्यांतून किरण किती अडले यावरून वस्तुमान ठरवतात. त्यामुळे पावसाळ्यात किंवा धुक्याच्या पहाटे गॅलरीतला आकडा आणि शासकीय केंद्राचा आकडा यांची तुलना करण्यात अर्थ नसतो.

घरात मात्र हे यंत्र खरेच कामाला येते. मोहरीची फोडणी पडताच आकडा चढतो, देवघरातील उदबत्तीने तो जास्त वेळ चढलेला राहतो आणि डासांच्या अगरबत्तीची तर बातच नको. बंद खोलीत ती रात्रभर जळत असेल तर रस्त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. कुकरच्या शिट्टीबरोबर दिसणारी उसळी मात्र वाफेच्या थेंबांची असू शकते. ती लगेच ओसरते, धुराची ओसरत नाही. चढलेला आकडा किती वेळात खाली येतो, यावरून खोलीतील हवा किती वेगाने बदलते तेही कळते. एक्झॉस्ट पंखा फोडणीनंतर लावण्याऐवजी आधीच लावला तर पडणारा फरक पाहण्यासारखा आहे.

आणखी एक गोष्ट म्हणजे भारतीय मानकातील पीएम २.५ ची ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा २४ तासांच्या सरासरीसाठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली १५ ची मर्यादाही तशीच. क्षणिक आकडा तिच्याशी ताडून पाहू नये. दोन जागांची तुलना करायची असेल, तर दोन्ही सेन्सर आधी काही दिवस शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यातील फरक नोंदवावा आणि मगच एक हलवावा.

अतिसूक्ष्म कण मोजायचे तर त्यांच्यावर ब्युटेनॉल या अल्कोहोलची वाफ द्रवरूपात साचवून ते प्रकाशाला दिसतील इतके मोठे करणारी यंत्रे लागतात, आणि ती प्रयोगशाळांनाच परवडतात. म्हणून गर्दीच्या वेळी मी रस्त्याकडच्या खिडक्या बंद ठेवतो आणि मागच्या उघडतो, जरी माझ्या सेन्सरच्या मते त्याची काहीही गरज नसते.