टर्बो की हायब्रिड? सहा आठवडे डोकं खाल्लेला प्रश्न

हे २०२२ मधलं लिहिणं. गेले सहा आठवडे आमच्याकडे जेवायला बसलं की एकच विषय, गाडी टर्बो घ्यायची की हायब्रिड. लेक तर आता विषय निघाला की ताट उचलून सरळ वर जाते. तेव्हा घरच्यांवर दया म्हणून उरलेलं सगळं इथे ओततोय.

झालं असं की आमची जुनी गाडी दीड लाख मैलांच्या पुढे गेली, हिटर लावला की ओल्या पोत्याचा वास येतो, आणि बायकोने जाहीर केलं की पुढचा विंटर मी यात काढणार नाही. म्हटलं आयुष्यात एकदा जरा बरी गाडी घेऊ. फिरून फिरून गाडी, म्हणजे आमची चर्चा, लेक्सस एनएक्सवर येऊन थांबली. नवीन मॉडेल आलंय, साइज आटोपशीर, आणि आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या टाउनहाउसच्या पार्किंगमध्ये दोन्ही बाजूंची दारं उघडतील एवढी जागा उरते, जी मोठ्या एसयूव्हीत उरत नाही, मोजून आलोय टेप घेऊन.

आता अमेरिकेत २०२२ मध्ये ही चार प्रकारात मिळत होती. साधी २५० मला चालवताना अगदीच मवाळ वाटली. प्लग-इनवाली, म्हणजे वायर लावून चार्ज करायची, ४५०एच प्लस भारी आहे पण आमचं पार्किंग कॉमन, तिथे वायर कुठून आणणार, असोसिएशनला विचारलं तर पुढची तीन वर्षं मीटिंगाच होतील. राहिल्या मधल्या दोघी. ३५० म्हणजे २.४ लिटरचं टर्बो इंजिन, २७५ हॉर्सपॉवर, आठ गिअरचा ऑटोमॅटिक. आणि ३५०एच म्हणजे २.५ लिटरचं टर्बो नसलेलं इंजिन अधिक इलेक्ट्रिक मोटर, सगळं मिळून २३९.

आधी टर्बो चालवली आणि तीच चूक झाली. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना गार्डन स्टेट पार्कवेचे रॅम्प सांगायला नकोत, एवढासा रॅम्प आणि समोरून ताशी ७५ मैलांनी येणारी गर्दी. पाय दाबला आणि गाडी अशी काही निघाली की शेजारी बसलेला सेल्समन बोलत होता ते वाक्य त्याने अर्ध्यातच सोडलं. टर्बोची गंमतच ती, इंजिन १७०० आरपीएमच्या आसपास आलं की सगळा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, हजर. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम धुरावर पंखा फिरवायचा आणि त्याच पंख्याच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबायची, कल्पना जुनीच आहे पण पाठीला जे जाणवतं ते दरवेळी नवीनच वाटतं. मजा म्हणजे लेक्ससने पेट्रोल टर्बो पहिल्यांदा दिला तो याच एनएक्सच्या मागच्या पिढीत, २००टी म्हणून. नंतर तिचंच नाव ३०० केलं, का ते त्यांनाच माहीत.

मग लगेच हायब्रिड, तोच रॅम्प. कागदावर ० ते ६० मैलांचा वेग गाठायला दोघींत साधारण अर्ध्या सेकंदाचा फरक आहे, पण कानाला फरक फार आहे. पूर्ण दाबलं की इंजिन एका सुरात ओरडत राहतं, मिक्सरमध्ये खोबरं घातल्यासारखं, आणि गाडी आपली निवांत वेग पकडत जाते. मी तोंड वाकडं केलं. बायको मागून म्हणाली, "तू रोज रॅम्पवरच चालवणारेस का?"

तेव्हा राग आला, पण प्रश्न बरोबर होता. रोजचं बघितलं तर मी मेट्रोपार्क स्टेशनपर्यंत जातो, चार मैल, सात सिग्नल. ती ऑफिसला रूट वनने जाते, म्हणजे जाते कसली, सरकते. शनिवारी ओक ट्री रोड, जिथे पार्किंग शोधत पंधरा मिनिटं पहिल्या गिअरच्या स्पीडने घिरट्या. पोकोनोजचे डोंगर वर्षातून दोनदा. मग मी सेल्समनला म्हटलं की हायब्रिड परत एकदा दे, शनिवारी दुपारी, आणि थेट ओक ट्री रोडवर घेऊन गेलो. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

आणि तिथे मात्र ती गाडी वेगळीच निघाली. डायलवर आरपीएमच्या जागी एक काटा असतो, पाय उचलला की तो खाली ‘चार्ज’मध्ये जातो, हळू निघालो की छोटा हिरवा ईव्हीचा दिवा लागतो आणि इंजिन बंदच. मिठाईच्या दुकानासमोर एक काकू डबल पार्क केलेल्या गाडीत पिशव्या भरत होत्या, त्यांच्या मागे आम्ही पाच मिनिटं उभे, एसी चालू, आणि इंजिनचा पत्ता नाही. मला एकदम बाबा आठवले. पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला स्कूटर बंद करून उभे राहायचे, पाच सेकंद राहिले की किक. आम्हाला लाज वाटायची मागे बसून. आता हेच काम करणारी गाडी घ्यायला मी चाळीस हजार डॉलर घेऊन निघालोय.

बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. पहिला प्रश्न अर्थातच अ‍ॅव्हरेज. हायब्रिडचं सरकारी आकड्यानुसार मिळून ३९ मैल गॅलनला, म्हणजे लिटरला साडेसोळा किलोमीटरच्या वर. टर्बोचं २५, म्हणजे साडेदहा. बाबा म्हणाले, "अरे आपली मारुती ८०० अठरा द्यायची." काय बोलणार. दुसरा प्रश्न, बॅटरी गेली तर? हा प्रश्न इथल्या मित्रांनीही विचारला, तेव्हा उत्तर तयार होतं. हायब्रिड बॅटरीला १० वर्षं किंवा दीड लाख मैलांची वॉरंटी आहे, आणि इंजिन-गिअरबॉक्सला, म्हणजे टर्बोला धरून, ६ वर्षं किंवा ७० हजार मैल. म्हणजे ज्याची सगळे भीती घालतात त्याचीच हमी जास्त. शिवाय टोयोटावाले हे १९९७ च्या प्रियसपासून करतायत आणि लेक्ससची आरएक्स हायब्रिड २००५ पासून रस्त्यावर आहे, काय बिघडायचं ते एव्हाना बिघडून दुरुस्त झालं असेल.

एक मित्र मात्र ठाम, "सीव्हीटी आहे, हात लावू नको." सीव्हीटी म्हणजे ठरावीक गिअर नसलेला गिअरबॉक्स. इथे जरा गल्लत आहे. पट्टा आणि पुली असलेला सीव्हीटी वेगळा, तो घसरतो, तापतो वगैरे तक्रारी ऐकल्यात. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये पट्टाच नाही, दातेरी चाकांचा एक प्लॅनेटरी संच आणि त्याला जोडलेल्या दोन मोटर, इंजिन किती फिरवायचं आणि मोटर किती ते त्यातून ठरतं. नेहमीचा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, ते काम त्याच मोटर करतात. मागची चाकं फिरवायला मागे वेगळी मोटर, पुढून मागे जाणारा दांडा नाहीच. ब्रेकही निम्मं काम मोटरकडून करून घेतात त्यामुळे पॅड सावकाश झिजतात. मिक्सरचा आवाज मात्र खरा आहे, तो मी नाकारत नाही.

आता पैसे. हायब्रिड म्हटलं की आपण वहीच काढतो, जास्तीचे पैसे किती वर्षांत वसूल होतील. इथे वही काढली आणि गडबडलो, कारण कंपनीच्या २०२२ च्या बेस किमतीत टर्बो ४१,५५० डॉलर होती आणि हायब्रिड ४१,०५०. हायब्रिड ५०० ने स्वस्त! वसूल काय करणार, कप्पाळ. वर टर्बोला प्रीमियम गॅस, म्हणजे महागातलं पेट्रोल, लागतो आणि हायब्रिड साध्या रेग्युलरवर (८७) चालते. वर्षाला १२ हजार मैल धरले तर टर्बोला ४८० गॅलन, हायब्रिडला ३०८. रेग्युलर ३.८० आणि प्रीमियम ४.६० धरा, वर्षाला हजार डॉलरचा फरक पडतो. २०२२ च्या जूनमध्ये देशाची सरासरी पहिल्यांदा गॅलनला ५ डॉलरच्या वर गेली होती, तेव्हाचा हिशोब तर करायलाच नको. आमच्या जर्सीत गॅस आपण स्वतः भरायचा नसतो, कायदाच तसा आहे, त्यामुळे दरवेळी काच खाली करून "प्रीमियम, फुल" असं मोठ्याने म्हणावं लागणार, तेही कोकणस्थाच्या तोंडून.

पण थांबा, इतकं सरळ असतं तर सहा आठवडे लागले नसते. हायब्रिड मिळतच नाहीये. ज्या डीलरकडे चालवली त्याने गोड हसून सांगितलं की टर्बो या वीकेंडला घेऊन जा, हायब्रिडला चार महिने, आणि स्टिकरच्या, म्हणजे छापील किमतीच्या, वर तीन हजार. कशाचे तीन हजार? "मार्केट अ‍ॅडजस्टमेंट." आमच्याकडे याला वेगळा शब्द आहे. म्हणजे ज्या वसुलीतून सुटलो म्हणून नाचत होतो ती मागच्या दाराने परत आली, तीन वर्षं नुसती हे तीन हजार फेडण्यात.

त्या रात्री मी टर्बोच्या बाजूने शेवटचं भाषण केलं. थंडीत छोट्या फेऱ्यांना हायब्रिडचंही इंजिन हिटरसाठी चालू राहतं, मग अ‍ॅव्हरेज पडतंच, हे खरंय. हायवेवर फरक कमी होतो, हेही खरंय, हायब्रिड शहरात ४१ देते आणि हायवेवर ३७. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थंडीत चार मैलांत टर्बोचं तरी इंजिन कुठे नीट गरम होणारे?" गप्प बसलो.

शेवटी पेनसिल्व्हेनियात दीड तासावर एक डीलर सापडला जो स्टिकरच्या वर एक पैसा घेत नाही, फक्त रंग निवडायचा नाही म्हणाला, येईल ती घ्यायची. ५०० डॉलर भरून नाव लावलंय, हायब्रिडला. तिथेही एक ३५० उभी होती, लाल. बायको कागदांवर सह्या करत होती तेवढ्यात मी आत बसून बघितलं. दाराला आतून नेहमीसारखा ओढायचा हँडल नाही, दाबायचं बटण असतं, मी ओढत बसलो, दोन-तीन हिसके दिल्यावर उघडलं एकदाचं. बाहेर आलो तर ती समोरच उभी, फाइल काखेत.

गाडी फेब्रुवारीत येईल म्हणतात. तोवर ओल्या पोत्याचा वास.