तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या अल्बममध्ये सगळी जुनीच गाणी का?

"पहिलाच अल्बम, आणि त्यात तुमचं स्वतःचं एकही गाणं नाही?" जळगाव, धुळे, अमळनेर, कुठेही जॅझ गाऊन खाली उतरले की हा प्रश्न येतोच. पुण्या-मुंबईत जॅझ ऐकणारे तो विचारत नाहीत, त्यांना ही रीत माहीत असते. आपल्याकडे विचारतात, आणि विचारणं रास्तच आहे. खानदेशात दर लग्नसराईला नवी अहिराणी गाणी येतात, हळदीत दणक्यात वाजतात, पुढच्या सराईला दुसरी येतात. गाणारी म्हटली की तिचं नवं गाणं कोणतं, हे लोक आधी विचारणारच. म्हणून एकदा सविस्तर सांगते.

जॅझमध्ये स्टँडर्ड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाण्यांचा एक मोठा साठा आहे. त्यातली बरीचशी गाणी 1920 ते 1950 च्या दरम्यान अमेरिकेतल्या संगीत नाटकांसाठी आणि सिनेमांसाठी लिहिली गेली. पुष्कळांचा साचा 32 बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) असतो: आठ बारची एक चाल, तीच पुन्हा, मग आठ बार वेगळे, आणि परत पहिली. ही गाणी जगभरच्या जॅझ वादकांना पाठ असतात. मी पट्टी सांगते, चुटकीने लय देते आणि गाणं सुरू होतं. आधी मी मूळ चाल गाते, मग त्याच आवर्तनावर पियानो आणि बास (खालच्या सुरांचं तंतुवाद्य) आपापलं मांडतात, शेवटी गाणं पुन्हा माझ्याकडे येतं. मधल्या भागात काय होणार, हे आम्हालाही आधी ठाऊक नसतं.

ख्याल ऐकणाऱ्याला हे समजवावं लागत नाही. जळगावात बालगंधर्व संगीत महोत्सवाला लोक दरवर्षी गर्दी करतात. तिथे यमनची एखादी बंदिश सुरू झाली की "ही तर ऐकलेली आहे" म्हणून कुणी उठून जात नाही. बंदिश जुनी असते म्हणूनच गायकाने तिचं काय केलं हे कळतं. माझ्या अल्बमकडे तसं बघा, एवढंच माझं मागणं आहे.

एकच गाणं घेऊन सांगते. 'समरटाइम'. अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्शविनने ते 'पोर्गी अँड बेस' या ऑपेरासाठी रचलं, ऑपेरा रंगमंचावर आला 1935 मध्ये. कोळ्यांच्या गरीब वस्तीतली क्लारा आपल्या तान्ह्या बाळाला झोपवताना ते म्हणते. उन्हाळा आहे, जगणं सोपं आहे, अशी सुरुवात. पुढे वादळ येतं आणि त्यात बाळाचे आईबाप दोघंही जातात. म्हणजे अंगाईतला एकेक दिलासा खोटा पडणार असतो, आणि गाणारीला ते माहीत नसतं. ऑपेरात हे गाणं उंच, मोकळ्या सोप्रानो आवाजात येतं. पुढच्याच वर्षी, 1936 मध्ये, जॅझ गायिका बिली हॉलिडेने ते गायलं, आणि अंगाईचा मऊपणा तिने जवळजवळ काढूनच टाकला. 1957 मध्ये जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड आणि गायक-ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांनी मिळून ध्वनिमुद्रित केलं, तर ते पुन्हा घरातलं झालं, प्रेमळ झालं. शब्द तेच, चालही तीच.

आता माझं. मी भुसावळची. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, पाण्याच्या टँकरभोवती हंड्यांची रांग असते. उन्हाळ्यात जगणं सोपं असतं, हे वाक्य माझ्या तोंडून बिलीसारखं किंवा एलासारखं निघणं शक्यच नव्हतं. चालीत बघा: पहिले तीन स्वर पंचम, कोमल गंधार, पंचम. आणि ओळ संपते ती षड्जावरून खाली मंद्र पंचमावर. मी पट्टी घेतली पेटीवरची काळी दोन, म्हणजे पियानोवाल्याचा ई फ्लॅट. त्या पट्टीत तो खालचा पंचम माझ्या आवाजाच्या तळाशी येतो, तिथे जोर लावता येत नाही. आवाज थोडा खरखरतो. ती खरखर मला हवी होती. शिवाय त्या खालच्या स्वरावर मी ठोक्याच्या मागून येते, जणू आईला स्वतःच्याच शब्दाची खात्री नाही. पहिल्या कडव्याला पियानो ठेवलाच नाही, नुसता बास. नवं म्हणाल तर हे नवं आहे, आणि ते माझं स्वतःचं आहे.

अमळनेरला एका कार्यक्रमानंतर एक म्हातारे बाबा पुढे आले. म्हणाले, "ताई, यामा नवं काय शे?" मी त्यांना बसवून घेतलं आणि ती पहिली ओळ दोनदा म्हणून दाखवली. एकदा ठोक्यावर, कागदावर लिहिलीय तशी. मग माझ्या पद्धतीने, मागून. दुसऱ्यांदा ऐकल्यावर ते म्हणाले, "हाई बाई दमेल शे." ही बाई दमलेली आहे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. या अल्बमबद्दल जे काही लिहून-बोलून झालं, त्यात इतकं नेमकं कुणीच बोललं नाही.

ध्वनिमुद्रणही त्याच हिशेबाने केलं. आपल्याकडे आधी ट्रॅक तयार होतो, मग गायिका कानाला हेडफोन लावून त्यावर गाते. इथे तसं करून चालत नाही. मी ओळ लांबवली तर पियानोवाल्याने थांबायला हवं, ड्रमरने ब्रश हलका करायला हवा. म्हणून सगळे एकाच वेळी वाजवत होते, आणि कानात लय मोजणारा क्लिक मुद्दाम लावला नाही. एखादा टेक बिघडला की सगळ्यांचाच बिघडायचा, मग पहिल्यापासून.

जुनं गाणं म्हणजे फुकटचं, असाही एक समज आहे. भारतात गीतकार-संगीतकारांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं त्यांच्या रचनेवर हक्क राहतो. त्यामुळे कोणतं गाणं घ्यायचं हे ठरवताना कागदपत्रंही बघावी लागतात आणि पैसेही मोजावे लागतात.

पोटापाण्याचंही विचारता, तर तेही सांगते. घर चालतं ते पुण्या-नाशिकच्या हॉटेलांतल्या संध्याकाळींवर, रिसेप्शनवर आणि शिकवण्यांवर. खानदेशातले कार्यक्रम मी हट्टाने करते. मी गाते त्या इथल्या सभागृहांत पियानो नसतो, कीबोर्डवर भागवतो. उभा बास रेल्वेतून आणणं जिकिरीचं, म्हणून बास गिटार. आवाज थोडा वेगळा लागतो, पण माणसं येतात. जॅझ आपल्या कानाला परकं आहे असं मी मानत नाही. 1935 मध्ये लिऑन ॲबीचा अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. मुंबईच्या जॅझमधले गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट पुढे संगीतकार सी. रामचंद्रांचे, म्हणजे चितळकरांचे, सहायक झाले. चितळकरांच्या चाली ज्यांच्या ओठांवर आहेत, त्यांच्या कानांत हा स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, आधीच आहे.

माझ्या स्वतःच्या गाण्यांच्या वह्या आहेत. काही मराठीत, एक-दोन अहिराणीत. ती येतील. पण लोकांनी आधी मला या जुन्या गाण्यांत ऐकावं असं मला वाटत होतं, कारण तिथे लपायला जागा नसते. बिली, एला शेजारी उभ्या असतात आणि ऐकणारा तुलना करतोच. तुम्हीही करा. आधी 1936 चं ऐका, मग एला आणि लुईचं, मग माझं. आणि पुढच्या कार्यक्रमाला भेटलात की कुठे पटलं नाही ते सांगा.